सोयरीक

आमच्या आजीला इतिहास सनावळीने नव्हे, नात्यागोत्याने पाठ होता. सईबाई फलटणची लेक आणि सखुबाई फलटणची सून. एवढ्यावर ती भोसले आणि नाईक निंबाळकर ही दोन्ही घराणी उभी करायची.

ती रंगायची बजाजी नाईकांच्या गोष्टीत. बजाजी म्हणजे सईबाईंचे भाऊ. विजापूरकरांनी त्यांना बाटवलं, पुढे ते माघारी आले. आजीच्या सांगण्यात जिजाऊंनी पुढाकार घेतला आणि शिखर शिंगणापुरात शंभू महादेवापुढं प्रायश्चित्त झालं. अभ्यासक यातल्या तपशिलांवर वाद घालतात. आजीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. "प्रायश्चित्त द्यायला भटजी मिळतो गं," पाखडता पाखडता सूप थांबवून ती म्हणायची, "पण पंगतीला शेजारी कोण बसणार?" मग शिवाजी महाराजांनी आपली लेक सखुबाई बजाजींच्या महादजीला दिली, की सूप पुन्हा सुरू. "आता कोण बोलतंय बघू!" शाळेत हीच गोष्ट धर्माची म्हणून ऐकली. आजीसाठी ती माघारी आलेल्या माणसाला घरात कसं घ्यायचं याची होती, आणि मला अजूनही तिचंच पटतं.

आजीच्या तोंडी शेवटपर्यंत "आपलं संस्थान" असे. ते 8 मार्च 1948 रोजी विलीन झालं. संस्थानिक मालोजीराजे पुढं मुंबई राज्यात मंत्री झाले. ही बढती की उतरण, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

यंदा फार वर्षांनी फलटणला गेले. लोणंदहून एसटी, वाटेत तरडगावच्या अलीकडं चांदोबाचा लिंब, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं ते ठिकाण. "रेल्वे येणार, रेल्वे येणार" म्हणत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. रूळ फलटणला पोचून गाडी सुरू झाली, तेव्हा त्यातलं कुणी उरलं नव्हतं. राममंदिर, राजवाडा, जबरेश्वराचं काळ्या दगडांचं देऊळ जागच्या जागी. आमचं घर कधीच विकलेलं. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे.

गल्लीत एक आजीबाई उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. "कुणाची गं तू?" सासरचं नाव सांगून उपयोग झाला नाही. आजीचं सांगितल्यावर त्यांनी नखातली साल झटकली नि वर बघितलं. "मग इतकी वर्षं कुठं मेली होतीस?"

स्टँडवर खाऊन आलेय म्हटलं, ते ऐकलंच नाही. ताटात भाकरी, वांग्याचं कालवण, वर शेंगदाण्याची चटणी. माझं जेवण होईतो त्यांनी माझ्या लेकीचं वय विचारलं, शिक्षण विचारलं, पगारही विचारला. मी हात धुऊन येते तोवर भावाच्या नातवाची पत्रिका दिवाणाखालच्या ट्रंकेतून बाहेर आली होती.