पगार सांगितला, पण कुणाला?

आजचा विषय पगार. बसमध्ये ऐकत असाल तर हेडफोन लावा. आपल्याकडे अनोळखी माणूस जात विचारतो, गाव विचारतो, लग्न कधी करणार ते विचारतो, पण पगाराचं नाव निघालं की सगळे एकदम आवाज कमी करतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या बीटेकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक गूगल शीट आली. नाव लिहायचं नाही. फक्त कंपनी, पासआउटचं वर्ष, मूळ तालुका आणि पगार. मी भरली. खाली स्क्रोल केलं तर माझंच काम करणाऱ्या एका पोराला माझ्यापेक्षा चार लाख जास्त! महिन्याभरात मॅनेजरसमोर बसलो आणि पगार वाढवून घेतला. शीट नसती तर मी स्वस्तात राबतोय हे मला कळलंच नसतं.

मग उन्हाळ्यात एका लग्नाला गावी गेलो. पंगतीत एक दूरचे काका बाबांना सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट्ट्याले अठरा लाखाचं पॅकेज, अन् तुहं नाव कर्जमाफीच्या यादीत!"

बाबांचं नाव खरंच यादीत होतं. २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या याद्या ग्रामपंचायतीत लागल्या, तेव्हा साऱ्या गावाने ते वाचलं होतं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. आणि माझा आकडा? शीटमध्ये नाव नव्हतं, पण घाटंजी तालुका, ते वर्ष, ती कंपनी, एवढं जुळणारा माणूस एकच होता. रात्री अंगणात बाबा एवढंच बोलले, "लोकायले सांगतलं, मले नाही सांगतलं?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. कुणाची कमाई उघडी ठेवायची आणि कुणाची झाकायची, हे आपल्याकडे ठरलं कसं?

सुरुवात शेतापासून करू. आमच्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, उचल किती. हा सौदा गुपचूप होत नाही. पारावर, चहाच्या टपरीवर आठ दिवस तीच चर्चा असते. शेजारच्या गड्याला किती मिळालं हे माहीत असलं तरच आपल्या गड्याला भाव मागता येतो. पण त्याच चर्चेत कुणी किती उचल घेतली, कुणाच्या डोक्यावर किती फिटायची राहिली, हेही साऱ्या गावाला कळतं. म्हणजे भाव उघडा झाला की गड्याचा फायदा, आणि अडचण उघडी झाली की मालकाचा.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने यातली पहिली गोष्ट उचलली. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सरकारला मजुरीचे दर राजपत्रात जाहीर करायला लावले. सरकारी नोकरीतही वेतन आयोगाचे तक्ते सगळ्यांसाठी खुले असतात. शाळेतल्या मास्तरांचा पगार साधारण किती, हे कुणीही काढू शकतं. इथे उघडा असतो तो पदाचा दर. त्या मास्तरांचं गृहकर्ज तक्त्यात दिसत नाही.

नावानिशी उघडेपणा आला तो हजेरीपत्रकातून. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. वि. स. पागे यांची ही कल्पना, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अशा कामांवर खोटी नावं घुसवून पैसे खाणं हा सगळीकडचाच रोग. त्यावर औषध सापडलं राजस्थानात. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या नोंदी लोकांसमोर मोठ्याने वाचल्या. अशा सुनवायांमध्ये मेलेल्या माणसांच्या नावावरची मजुरी बाहेर आली. तिथे नाव उघडं करणं म्हणजे मजुराचे पैसे वाचवणं होतं.

२००५ मध्ये दोन कायदे आले, माहितीचा अधिकार आणि रोजगार हमीचा देशव्यापी कायदा. हजेरीपत्रकं नेटवर गेली. मजुराचं नाव, जॉबकार्ड नंबर, किती दिवस काम, किती मजुरी, हे सगळं अमेरिकेत बसलेल्या माणसालाही बघता येऊ लागलं. पण कोट किरानात ऐकणारे गावचेच होते. नेटवर वाचणारा कोण, ते मजुराला कधीच कळत नाही. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अहवालात अंदाज होता की रोजगार हमीसह चार सरकारी पोर्टल्सवरून तेरा कोटींच्या आसपास आधार नंबर उघडे पडले असावेत. सोबत सुमारे दहा कोटी बँक खात्यांचे नंबर.

आता आमच्याच अमरावती विभागातल्या अकोल्याला या. २००८ मध्ये गिरीश देशपांडे यांनी माहिती अधिकारात भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे अर्ज केला. एका अधिकाऱ्याचा पगार आणि कपाती, त्याला आलेल्या नोटिसा, मालमत्ता, आयकर विवरण, इतकंच काय, मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचाही तपशील मागितला. बरीचशी माहिती नाकारली गेली. प्रकरण माहिती आयोग, उच्च न्यायालय करत सर्वोच्च न्यायालयात पोचलं. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल लागला: अशी माहिती वैयक्तिक आहे, व्यापक सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. त्यानंतर देशभरातल्या कार्यालयांनी नकार देताना या निकालाचा आधार घेतला.

गंमत बघा. याच माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावं. म्हणजे नुसता पगार झाकायचं कारणच नव्हतं. लग्नातल्या भेटवस्तूंबद्दल मात्र मला न्यायालयाचं म्हणणं पटतं. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमच बदलून नकार आणखी सोपा केला. साहेबाची फाईल बंद होत गेली आणि मजुराची स्क्रीनवर राहिली. खासगीपणा ज्याला वकील परवडतो त्याला आधी मिळाला, एवढाच मला या इतिहासाचा अर्थ लागतो.

मग सगळंच झाकायचं का? नाही. नॉर्वेत लोकांचं करपात्र उत्पन्न नेटवर शोधता येतं. पण २०१४ पासून तुमचं उत्पन्न कुणी शोधलं, हे तुम्हाला कळतं. एवढ्या एका बदलाने शोध झपाट्याने घटले. बघणाऱ्यालाही कुणीतरी बघतंय म्हटल्यावर नुसती चौकशी करणारे गळाले.

आपल्या हातात काय आहे? तुमच्यापैकी कुणी अशी शीट बनवत असेल, तर पारावरचा नियम लावा: भाव उघडा, माणूस झाकलेला. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली जात नाही. लातान्या स्वीनी या संशोधिकेने दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर बहुतेक अमेरिकन माणसं ओळखता येतात. आमच्या शीटला तर जन्मतारीखही लागली नाही. म्हणून तालुका नको, कंपनीच्या नावाऐवजी प्रकार लिहा, नेमक्या आकड्याऐवजी दोन-तीन लाखांचा टप्पा द्या. एका गटात पाच जणसुद्धा नसतील तर ती ओळ दाखवूच नका. आणि सॅलरी स्लिपचा स्क्रीनशॉट कधीच टाकू नका. त्यावर पॅन असतो, पीएफचा नंबर असतो, खातं असतं. फसवणाऱ्याला फोनवर "सर, मी एचआरमधून बोलतोय" म्हणायला तेवढं पुरतं.

मी माझी ओळ शीटमधून काढली. पण तोवर किती जणांनी कॉपी डाउनलोड केली असेल, देव जाणे.

पुढच्या वेळी घरी गेलो तेव्हा बाबांना पगार सांगितला. हातात किती येतो, भाडं किती, हप्ते किती, सगळं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढंच उरते? काका तर अठरा लाख म्हणत होता." आणि पहिल्यांदाच त्यांनी मला बँकेचं पासबुक दाखवलं. यादीत नाव कसं आलं, त्याआधीची दोन वर्षं कशी गेली, हे मला त्या दिवशी कळलं. गावाला माहीत होतं. मलाच नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमचा पगार घरी माहीत आहे का, तेवढं बघा.