स्वभाव आणि धंदा : गणपत कृष्णाजींच्या छापखान्यावरून काही विचार

ज्ञातीच्या स्मरणिकेत पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण करावे ही प्रथा योग्यच आहे. १६७९ साली खांदेरीच्या बेटावर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत तटबंदी उभारणारे मायनाक भंडारी हे नाव आमच्या घरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु शौर्याच्या इतिहासाबरोबरच उदिमाचाही एक इतिहास असतो, आणि तो सांगण्याचा कंटाळा आम्ही भंडारी मंडळींनी फार दिवस केला आहे. कोणी कोणता धंदा काढला, तो का चालला, आणि दुसऱ्याचा तोच धंदा का बुडाला, याचा विचार लढायांच्या विचाराइतकाच उद्‌बोधक असतो. आज तोंडवलीपासून मालवणापर्यंतच्या किनाऱ्यावर आमची तरुण पिढी धंद्याकडे वळत असताना तर तो निकडीचाही झाला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच प्रश्न घेत आहोत : धंद्याचा माल आणि धंदा करणाराचा स्वभाव यांचा मेळ कसा बसावा?

प्रथम आमच्या वडिलोपार्जित व्यवसायाकडे पाहू. माड काढणे हे काम दिसावयास सोपे, पण त्याची शिस्त मोठी कडक. पोयीचे टोक रोज पातळ कापावे लागते. काप जाड झाला तर पोय लवकर संपते, काप चुकला तर रस आटतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी माडावर चढावे लागते, आणि त्यात सणवार नाही की पाहुणेरावळे नाहीत. हे काम एकट्याचे आहे. शेंड्यावर चढलेल्या माणसाशी बोलावयास कोणी नसते. त्याचा हात, त्याची धार आणि त्याचे मडके एवढाच त्याचा परिवार. याउलट त्याच किनाऱ्यावरची रापण पाहावी. तेथे गावचा गाव दोरीला लागतो, आरोळ्या होतात, थट्टामस्करी चालते, आणि शेवटी वाटे पडतात. दोन्ही कामे कष्टाचीच; पण एकात ज्याचा जीव रमतो त्याचा दुसऱ्यात गुदमरतो. एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कालावलची खाडी अशा चिंचोळ्या पट्टीवर राहणाऱ्या तोंडवली-तळाशीलच्या माणसास हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही.

माडाचा हा धंदा आमच्या हातून सुटू लागला तो राज्यकर्त्यांच्या कायद्यामुळे. १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला, झाडांवरील कर चढत गेले, दारूचा व्यापार मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटू लागला, आणि पिढ्यान्‌पिढ्या माडावर जगणारी अनेक कुटुंबे उघड्यावर पडली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलीसुरली वाटही अरुंद केली. या आपत्तीतून आमच्या ज्ञातीने एक गोष्ट शिकावयास हवी होती. माल कायद्याने जातो, काळाने जातो, गिऱ्हाइकाच्या लहरीने जातो. परंतु काम करण्याची जी रीत माणसाच्या अंगात भिनलेली असते ती जात नाही. नवा माल शोधताना त्या रीतीला धरून शोधला तर माणूस पुन्हा उभा राहतो.

याचे अत्यंत बोलके उदाहरण या आपत्तीच्याही अर्धशतक आधीचे आहे, आणि ते आमच्याच ज्ञातीतले आहे. मुंबईतील आद्य मराठी मुद्रक गणपत कृष्णाजी हे जातीने भंडारी होते, अशी नोंद गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात करून ठेवली आहे. त्या काळी मुंबईत मराठी छपाई होत होती, पण ती मिशनऱ्यांच्या हाती होती. अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठीत छापण्यास आरंभ केला होता. गणपत कृष्णाजींनी तेथील काम पाहिले, आणि आपल्या धर्माची पुस्तकेही अशीच छापावीत असे त्यांच्या मनाने घेतले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्यास छापखाना काढावयाचा त्याच्यापुढे वाटा अनेक होत्या. वर्तमानपत्र काढता आले असते; पण त्यास लेखणीचा वाद घालणारा मनुष्य हवा. विलायतेहून यंत्रे आणून मोठे दुकान थाटता आले असते. पण त्यास भांडवलदार हवा. गणपत कृष्णाजी यांपैकी कोणीच नव्हते. ते हाताचे कारागीर होते. पाहिलेली वस्तू स्वतः करून पाहिल्यावाचून ज्यास चैन पडत नाही, अशा जातकुळीचा तो मनुष्य होता. म्हणून त्यांनी आपल्या हाताला साजेल तेथूनच आरंभ केला. शिळाछापाचे यंत्र त्यांनी स्वतः खटपट करून बनविले. दगडाचे तुकडे जमवून त्यांवर अक्षरे काढली. शाई स्वतः तयार केली. आणि १८३१ च्या मार्च महिन्यात, म्हणजे शके १७५३ च्या आरंभी, त्यांच्या छापखान्यातून पहिले छापील मराठी पंचांग बाहेर पडले.

शिळाछाप आणि पंचांग या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामाच्या रीतीस किती अनुरूप होत्या हे पाहण्यासारखे आहे. देवनागरीचे खिळे पाडावयाचे म्हणजे काना, मात्रा, जोडाक्षरे मिळून शेकडो साचे कोरावे लागतात. एकट्या माणसाने प्रारंभीच ते अंगावर घेतले असते तर त्यातच त्याची कंबर मोडली असती. शिळाछापास मात्र दगड, शाई, वळणदार अक्षर आणि चिकाटी एवढे पुरते. पंचांगाचेही तसेच. त्यात लेखकाची प्रतिभा लागत नाही. लागतो तो बिनचूकपणा. तिथी-नक्षत्रांचे कोष्टक एका घराने चुकले तर लग्नाचा मुहूर्त चुकतो. शिवाय पंचांग दर वर्षी नवे लागते, म्हणजे गिऱ्हाईक दर पाडव्यास आपल्या पायांनी येते. त्यास बोलाविण्यासाठी गोड बोलण्याची कला अंगी असावी लागत नाही. शांत, चोख आणि नेमाने काम करणाऱ्या माणसास याहून योग्य माल कोणता मिळाला असता?

तरीही वाट निष्कंटक नव्हती. छापील कागदास विटाळ मानणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते, म्हणून असले पुस्तक हाती धरू नये असा सनातनी मंडळींचा आग्रह असे. गणपत कृष्णाजींनी शास्त्रार्थ केला नाही. शाईत तूप घातले, असे सांगतात. दुसऱ्या एखाद्या स्वभावाच्या माणसाने सभा भरविली असती, निबंध लिहिला असता. यांनी आक्षेपाचे उत्तर आपल्या हातानेच दिले. पुढे बारा वर्षांनी, १८४३ च्या सुमारास, हात पुरता बसल्यावर त्यांनी खिळे पाडण्याचे अवघड कामही साध्य केले. जे आरंभी झेपले नसते ते क्रमाने झेपले, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरच रचलेली होती.

ज्ञातीबाहेरचे एक उदाहरणही याच मार्गावरचे आहे. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. पुढे निरनिराळ्या छापखान्यांत उमेदवारी केल्यावर त्यांनी १८६४ साली प्रथम काढला तो खिळे पाडण्याचा कारखाना. छापखाना त्यानंतर, १८६९ साली. अक्षरे कोरणारा कसबी हात त्यांना राणोजी रावजी आरू यांच्या रूपाने लाभला. एकाने कोरावे व दुसऱ्याने कारभार पाहावा, अशी ती विभागणी होती. स्वतःच्या स्वभावात जे नाही त्यासाठी धडपडण्यापेक्षा ते ज्याच्यात आहे अशा मित्रास बरोबर घ्यावे, हा बोध त्या जोडीकडून घेण्याजोगा आहे. निर्णयसागराच्या संस्कृत पुस्तकांची शुद्धता व सुबकता देशोदेशींच्या पंडितांनी वाखाणली, तिचे मूळ खिळे घासणाऱ्या मुलाच्या नजरेत होते.

आता अगदी निराळ्या प्रकृतीचा मनुष्य पाहावयाचा तर रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर यांच्याकडे पाहावे. तेही आमच्याच ज्ञातीचे. गरिबीतून मुंबईस आले, सुतारकामात शिरले, आणि शापूरजी पालनजी यांच्याबरोबर इमारतींच्या कंत्राटदारीत नावारूपास चढले. कंत्राटदारी म्हणजे शंभर माणसांस एकाच वेळी हाताळणे. गवंडी, सुतार, मजूर, मालक या सर्वांशी दिवसभर बोलणे, भांडणे मिटविणे, शब्द देणे आणि तो पाळणे. एकांतात दगडावर अक्षरे काढणाऱ्या माणसाचा तेथे निभाव लागला नसता. आणि गणपत कृष्णाजींच्या जागी भागोजीशेठ असते तर पंचांगाच्या कोष्टकांत त्यांचा जीव रमला नसता, असे अनुमान केल्यास ते चुकीचे होऊ नये. भागोजीशेठ यांनी रत्नागिरीस बांधविलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींस खुले झाले. माणसे जमविण्याचा त्यांचा स्वभाव त्यांच्या धंद्यात दिसला तसाच त्यांच्या दानधर्मातही दिसला.

या दोघांच्या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. दोघेही भंडारी, परंतु दोघांची कामाची रीत परस्परांहून सर्वस्वी भिन्न. तेव्हा ‘हा अमक्या जातीचा, म्हणून याचा धंदा अमका’ हे म्हणणे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ज्ञातीच्याच स्मरणिकेत आम्ही हे लिहीत आहोत याचे कोणास नवल वाटेल. पण ज्ञातीचे खरे हित यातच आहे. स्वभाव माणसागणिक निराळा असतो. एकाच आईची दोन मुले एकाच धंद्यास लायक असतील असे नाही, मग हजारो घरांच्या ज्ञातीचे काय बोलावे?

आता आपल्या गावाकडे वळू. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, आणि तेव्हापासून किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ वाढत गेली. एका घराने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि त्या चालल्या, की शेजारची घरेही कर्ज काढून खोल्या बांधू लागतात. माल तोच, जागा तीच, समुद्रही तोच. पण एकाकडे पाहुणे पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्याकडे एकदा आलेले फिरकत नाहीत. याचे कारण बहुधा खोलीत नसते, घरधन्यात असते. पाहुणा ठेवणे म्हणजे रात्री अकरास दार उघडणे, पहाटे चहा विचारणे, तीच माहिती दहा वेळा हसतमुखाने सांगणे. ज्यास हे मनापासून आवडते त्याने ते अवश्य करावे. ज्यास चार माणसे जमली की बागेत निघून जावेसे वाटते, त्याने खोल्या बांधू नयेत. त्याने बाग करावी. खोल्या चालविणारास रोज नारळ लागतात, भाजी लागते, मासळी लागते, आगळ लागते. ती ठरल्या वेळी, ठरल्या प्रतीची पुरविणारा मनुष्य त्यास देवासारखा वाटतो. माडावर रोज दोन वेळा चढणाऱ्या आजोबांची शिस्त ज्याच्या अंगात उतरली असेल त्याला हाच व्यवहार शोभेल.

घरातील भगिनींच्या बाबतीतही हेच. मालवणी मसाला, कुळथाचे पीठ, खाजे, लाडू हे पदार्थ सर्वांस करता येतात. विकण्याची रीत मात्र निरनिराळी आहे. जत्रेत दुकान लावणे हे दोन दिवसांच्या धुमाळीचे काम. तेथे आवाज हवा, चपळाई हवी, गर्दीचा उत्साह हवा. तोच मसाला मुंबईच्या पन्नास घरांस दर महिन्यास नेमाने पाठविणे हे निराळे काम. तेथे वही हवी, वजन चोख हवे, चव तीच राहावयास हवी. एकीने दुसरीची वाट धरली तर दोघीही थकतील आणि दोष मसाल्यास देतील.

यावर कोणी म्हणेल, स्वभावाचे निमित्त सांगून आळशी मनुष्य कष्ट टाळील. तो धोका आहेच. परंतु गणपत कृष्णाजींच्या चरित्रात आळसास कोठेच जागा नाही. स्वभावास अनुसरून काम निवडणे म्हणजे कमी काम करणे नव्हे. ज्या कामात जास्तीत जास्त कष्ट न कुरकुरता होतील ते निवडणे होय. हिशेब ठेवणे, उधारी वसूल करणे, वेळ पाळणे या गोष्टी आवडोत वा न आवडोत, त्या करावयाच्याच असतात. स्वभाव विचारावयाचा तो कोणता माल ठेवावा हे ठरविताना.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र सूचना आहे. मुलाने वा सुनेने धंद्याची गोष्ट काढली, तर ‘शेजाऱ्याचे काय चालते’ हे विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तुला माणसांत राहणे आवडते की एकट्याने? रोज थोडे थोडे काम आवडते की एकदम रेटून करणे? एकच वस्तू पुन्हा पुन्हा चोख करण्यात तुला समाधान आहे की नित्य नवे करण्यात? याची उत्तरे घरच्या वडीलधाऱ्यांस मुलापेक्षाही आधी ठाऊक असतात, कारण त्यांनी त्यास लहानपणापासून पाहिलेले असते. ज्ञातिसंस्थांनीही धंद्यासाठी मदत देताना भांडवलाच्या आकड्याबरोबर हीच चौकशी करावी. जमीन तारण ठेवून उभारलेला धंदा बुडाला तर किनाऱ्यावरची ती जमीन परत मिळत नाही. ती दुसऱ्याच्या नावावर चढते, आणि पूर्वजांनी लावलेले माड कुंपणापलीकडे राहतात. पैशाची खोट एखाद्या चांगल्या हंगामात भरून निघते, गेलेली जागा भरून निघत नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरात ही तीन प्रश्नांची बैठक व्हावी, एवढीच आमची विनंती आहे.