उद्याच्या जगातली कर्ती बाई

विज्ञानकथेतली पहिली नायिका जन्माला येण्याआधीच मारली गेली.

मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ साली आली. ती लिहायला घेतली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, त्यामुळे हे नवऱ्याने, म्हणजे कवी पर्सी शेलीने लिहिलं असावं असा अनेकांचा समज झाला. गोष्टीचा गाभा बहुतेकांना माहीत असतो. व्हिक्टर नावाचा तरुण प्रयोगशाळेत एक माणूस घडवतो आणि मग त्यालाच घाबरून पळतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तो एकाकी जीव व्हिक्टरकडे एक जोडीदारीण मागतो. व्हिक्टर कबूल होतो, तिला घडवायला बसतो आणि काम संपत आलेलं असताना त्याच्या मनात शंका येते. हिला स्वतःचं मन असलं तर? आपण दोघांनी तिच्या जन्माआधी जो करार केला, तो ती का पाळेल? या विचारासरशी तो तिला फाडून टाकतो.

तिला ना नाव मिळालं, ना एखादं वाक्य. ती काय करेल याची नुसती शंका आली आणि ती संपली. विज्ञानकथेतल्या बाईचा सगळा इतिहास या एका प्रसंगात दिसतो. बाई किती शूर, किती हुशार हा मुद्दा पुढचा. आधीचा प्रश्न असा, की तिला स्वतःचा निर्णय घेऊ द्यायचा की नाही?

मराठीत घराच्या कर्त्या पुरुषाबद्दल आपण सहज बोलतो. 'कर्ती बाई' असंही म्हणतो, पण बहुतेकदा पुरुष गेल्यावर, किंवा तो असून नसल्यासारखा असला तर. म्हणून 'खंबीर नायिका' या शब्दापेक्षा मला 'कर्ती' हा शब्द जास्त कामाचा वाटतो. खंबीर बाई नुसती सोसणारीही असू शकते. कर्ती बाई ठरवते.

चंद्रावर तीन पुरुष आणि काही कोंबड्या

विसावं शतक उजाडता उजाडता कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकात 'चंद्रलोकची सफर' छापली जात होती. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं हे मराठी रूप. मराठी वाचक विज्ञानकथेच्या वाटेला लागला, तो बऱ्याच अंशी इथून.

व्हर्नच्या यानात कोण बसतं ते पाहा. तीन पुरुष, दोन कुत्री आणि काही कोंबड्या. बाई एकही नाही. दोन कुत्र्यांपैकी एक मादी आहे आणि तिला नाव आहे, डायना. तोफेची लांबी, बारुदाचं वजन, गोळ्याचा वेग, सगळ्याचा हिशेब व्हर्न चोख मांडतो. यंत्र नवं आहे, पण माणसांची मांडणी जुनीच राहते. बाहेर पुरुष जातो, घरी कोण राहतं हे विचारायची गरजही त्याला वाटत नाही.

यात व्हर्नचा एकट्याचा दोष नाही. विज्ञानकथेची एक मोठी वाट अशीच गेली. तिने यंत्र बदललं आणि घर तसंच ठेवलं. त्याच सुमारास आपल्याकडे काही बायका उलट्या दिशेने विचार करत होत्या.

बुलढाण्याहून आलेला प्रश्न

नाचणगावहून पश्चिमेकडे वऱ्हाड ओलांडत गेलं की बुलढाणा लागतं. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटं पुस्तक पुण्यात छापून घेतलं. निमित्त होतं सुरतेच्या खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्याची चर्चा चालू होती.

'स्त्री-पुरुष तुलना' ही विज्ञानकथा नाही, कादंबरीही नाही. पण त्यात एक युक्ती आहे, आणि पुढच्या कित्येक विज्ञानकथा तिच्यावर उभ्या राहिल्या. ताराबाई जागा उलटवतात. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषाला लावून बघा. जे नियम विधवेला, ते विधुराला लावून बघा. 'असं झालं तर?' हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न असेल, तर ताराबाईंनी तो कोणत्याही यंत्राविना विचारला. पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आपल्याला माहीत नाही.

स्वयंपाकघरात सूर्य

१९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा छापून आली. लेखिका होत्या रंगपूर जिल्ह्यात जन्मलेल्या आणि लग्नानंतर भागलपूरला राहणाऱ्या रुकैया सखावत हुसेन. ताराबाईंनी जागा उलटवून वाद घातला होता. रुकैयांनी जागा उलटवून आख्खा देशच उभा केला.

या देशाचं नाव लेडीलँड. इथे बायका बाहेर वावरतात आणि पुरुष 'मर्दान्यात' पडद्याआड असतात. आधी राणीने सगळ्या मुलींना शाळेत घातलं आणि एकवीस वर्षांच्या आत लग्न बंद केलं. मग बायकांची विद्यापीठं उभी राहिली. एका विद्यापीठाने ढगांतून थेट पाणी खेचायची सोय शोधली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची. पुरुष तेव्हा सैन्य वाढवण्यात गुंतले होते आणि बायकांच्या संशोधनाला हसत होते. शेजारचा राजा चालून आला, सैन्य हरलं. तेव्हा विद्यापीठाच्या प्राचार्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन निघाल्या आणि साठवलेली उष्णता व उजेड शत्रूवर रोखून त्यांनी त्याला पळवून लावलं.

माझ्या मते या कथेतली सगळ्यात मोठी जागा रणांगणावर नसून स्वयंपाकघरात आहे. लेडीलँडच्या स्वयंपाकघरात कोळसा नाही, धूर नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. व्हर्नने बारुदाचा हिशेब केला, रुकैयांनी चुलीचा केला. ज्या हातांनी चूल फुंकली असेल, किंवा फुंकणारीला रोज पाहिलं असेल, त्याच हातांना हे यंत्र सुचतं. कामाच्या तासांबद्दलही त्यांचा एक मिश्कील हिशेब आहे. पुरुष कचेरीत सात तास असतात, त्यातले सहा चिरूट ओढण्यात जातात; म्हणून बायका तेच काम दोन तासांत उरकतात.

पालखी, गादी आणि लगाम

मराठीत अशा उलटलेल्या राज्याची कादंबरी लिहिली काशीबाई कानिटकरांनी. काशीबाईंचा जन्म १८६१चा, आष्ट्याचा. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शिकलेल्या नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती, म्हणून पुण्याच्या मोठ्या कुटुंबात, सासरच्यांच्या नजरा चुकवत त्या अक्षरं गिरवू लागल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही ठरली होती, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात क्षयाने गेल्या. कामावर रुजू व्हायचं राहूनच गेलं.

जे प्रत्यक्षात झालं नाही, ते 'झालं असतं तर' म्हणून बघायची नजर काशीबाईंना या आयुष्यातून मिळाली असेल, असं मला वाटतं. १९२८ साली त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी आली. नायिकेचं लग्न बुद्धीने अधू असलेल्या एका संस्थानिकाशी लावून दिलं जातं. तिथेच रडत बसावी, अशी ही गोष्ट. त्या काळच्या कादंबऱ्यांत बायका असल्या संकटात बहुधा झुरत किंवा मरत. ही नायिका राज्यकारभार हातात घेते. बायकांना शिकवते, कारभारात आणते आणि संस्थानाची घडीच बदलते.

यात उडतं यान नाही, सूर्याची भट्टी नाही. मग ही विज्ञानकथा कशी? ती काटेकोर अर्थाने नाहीच. पण विज्ञानकथेची शेजारीण नक्की आहे. ज्याला आपण आदर्श राज्याची कल्पितकथा म्हणतो, त्या घरातली. वैज्ञानिक जसा एक घटक बदलून बाकी सगळं तसंच ठेवतो आणि काय होतं ते बघतो, तसं काशीबाईंनी केलं. संस्थान तेच, प्रजा तीच. फक्त निर्णय घेणारा माणूस बदलला.

ही कल्पना त्या वाचकांना अगदीच हवेतली वाटली नसणार. अहिल्याबाई होळकरांचा कारभार घराघरांत ठाऊक होता. भोपाळमध्ये १८१९ ते १९२६ या काळात चार बेगमांनी राज्य केलं. आपल्या भागाचंच बघा. नाचणगाव-पुलगावचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८१८ साली अप्पासाहेबांना गादीवरून काढल्यावर अल्पवयीन वारस बसवला गेला आणि बांकाबाई भोसले त्याच्या पालक झाल्या. पण खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्स चालवत होता. म्हणजे गादीपर्यंत बाई पोहोचत होती. प्रश्न लगामाचा होता. 'पालखीचा गोंडा' हे नाव वाचताना माझ्या डोक्यात हेच येतं. गोंडा दिसतो छान, पण पालखी कुठे न्यायची हे तो ठरवत नाही.

कादंबरी आली त्या काळाचं मापही बघण्यासारखं आहे. बायकांना वकिलीचा मार्ग कायद्याने मोकळा झाला १९२३ साली. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा करणारा शारदा कायदा १९२९चा, म्हणजे कादंबरीनंतरचा. काशीबाई वास्तवाच्या थोड्या नाही, बऱ्याच पुढे होत्या.

'कृष्णविवर' कुणाच्या अक्षरात?

मराठी विज्ञानकथेचं दुसरं पर्व १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेशी जोडलेलं आहे. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा जयंत विष्णु नारळीकरांची होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं, परीक्षकांवर मोठ्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून. हस्ताक्षर ओळखलं जाईल म्हणून कथा उतरवून काढली मंगला नारळीकरांनी.

म्हणजे आधुनिक मराठी विज्ञानकथेचं हे गाजलेलं पहिलं पाऊल एका गणितज्ञ बाईच्या अक्षरात पडलं. मंगलाताईंनी संख्या सिद्धान्तात पीएचडी केली, मुलांसाठी गणिताची पुस्तकं लिहिली. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन'वरून महाराष्ट्रभर वाद झाला, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून सगळ्या प्रश्नांना त्याच उत्तरं देत होत्या. अशी बाई त्या पिढीच्या गाजलेल्या विज्ञानकथांच्या मध्यभागी क्वचितच दिसते. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाच्या दुसऱ्या वाटेवर जाऊन येतात ते गंगाधरपंत. बायका विज्ञानकथा लिहीत नव्हत्या असंही नाही; 'खंडाळ्याच्या घाटासाठी' लिहिणाऱ्या शुभदा गोगटे यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. पण 'मराठी विज्ञानकथा' म्हटल्यावर आपल्या तोंडी पटापट येणारी नावं पुरुषांची असतात, हे कुठल्याही वाचकाने स्वतःवर तपासून बघावं.

राणीनंतर कोण?

रुकैया आणि काशीबाईंच्या राज्यांतही एक गोष्ट खटकते. बदल वरून येतो. राणी हुकूम काढते आणि देश सुधारतो. काशीबाईंच्या नायिकेला सत्ता मिळते ती लग्नातून. राणी होणं ज्यांच्या नशिबात नाही, त्यांनी काय करायचं?

याचं एक उत्तर दूरच्या कॅलिफोर्नियातून आलं. ऑक्टाव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची आई लोकांच्या घरी कामाला जायची. मागच्या दाराने आत जाणारी आई बटलरने लहानपणी पाहिली होती. तिची 'पॅरेबल ऑफ द सोअर' १९९३ साली आली आणि गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये. पाणी महाग झालेलं, आगी लागत असलेल्या, लोक भिंतींआड राहू लागलेले. नायिका लॉरेन पंधरा वर्षांची आहे. तिच्याकडे गादी नाही, सैन्य नाही, विद्यापीठही नाही. आपली वस्ती टिकणार नाही हे ती मोठ्यांच्या आधी ओळखते, बियाणं आणि गरजेच्या वस्तू बांधून ठेवते, आणि वेळ आल्यावर रस्त्यात भेटलेल्या माणसांना धरून एक नवं गाव उभं करते. व्हिक्टर ज्याला घाबरला ते स्वतःचं मन इथे सगळ्यांना वाचवतं.

आता हीच पट्टी आपल्या अंगणाला लावून बघू. नाचणगावच्या शेजारी पुलगावला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा डेपो आहे, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. ३१ मे २०१६च्या पहाटे तिथे आग लागली, स्फोट झाले, जवान आणि अग्निशमन दलाचे लोक मेले आणि आसपासच्या गावांतल्या माणसांना अंधारात घरं सोडून पळावं लागलं. विज्ञानकथेला याहून वेगळी सामग्री काय लागते? अवाढव्य तंत्रज्ञान, त्याच्या कुंपणापलीकडे कपाशीची शेतं आणि मधोमध माणसं.

त्या रात्री घराघरांत कुणीतरी ठरवलं असणार. आधी म्हाताऱ्यांना काढायचं की पोरांना, ढोरं सोडायची की नाही, परत कधी यायचं. अनेक घरांत हे ठरवणारी बाई असणार. बातमीत ती 'ग्रामस्थ' होते. कादंबरीत तिला नाव मिळू शकतं, वाक्य मिळू शकतं, आणि पालखीचा दांडाही.