जीर्ण संरक्षक पोशाखांचे पुनर्चक्रण

आग, उष्णता, धार किंवा रसायने यांपासून कामगाराचे रक्षण करणारे कपडे कामातून बाद झाल्यावर त्यांतील तंतू पुन्हा उपयोगात आणण्याची प्रक्रिया. अग्निशामक जवानाचा कोट, ओतशाळेतला अ‍ॅप्रन, वेल्डरचे हातमोजे, काच आणि पत्रा हाताळणाऱ्यांचे मोजे, साधा बॉयलर सूट असे सगळे यात येते. घरच्या जुन्या कपड्यांची वाट आपल्याकडे ठरलेली आहे : बोहारणीकडून जुन्या बाजारात, नाहीतर गोधडीत, नाहीतर यंत्रे पुसायच्या चिंध्यांत. संरक्षक पोशाखाला मात्र या वाटेने जाऊ देणे धोक्याचे आहे.

बाहेरून धड दिसणारा कोट आतून निकामी झालेला असू शकतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी उष्णतारोधक पोशाखांतल्या अ‍ॅरामिड तंतूंची ताकद घटते, क्लोरीनयुक्त ब्लीचनेही ते खराब होतात. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या मानकाने अग्निशामक पोशाखाला उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांची मर्यादा घातली ती अशा कारणांनी. बाद कोट स्वस्तात विकत घेऊन भट्टीसमोर उभा राहणारा माणूस संरक्षण मिळाल्याच्या समजुतीने जास्त जवळ जातो आणि भाजतो. म्हणून पाठ आणि दोन्ही बाह्या उभ्या कापल्याशिवाय असा कपडा भंगारात देऊच नये. पुढची सारी प्रक्रिया या कात्रीनंतरची.

उष्णतारोधक पोशाखांत मुख्यतः अ‍ॅरामिड तंतू असतात. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये केव्हलार या अ‍ॅरामिडचा शोध लावला. ज्वालारोधक नोमेक्सही त्याच कंपनीचे आणि त्याच दशकातले. हे तंतू वितळत नाहीत, अतितप्त झाल्यावर थेट विघटित होतात. अंगावर असताना हा त्यांचा सर्वांत मोठा गुण. कारखान्यात परत आल्यावर तीच अडचण. प्लास्टिकसारखे वितळवून त्यांचे दाणे पाडता येत नाहीत. केव्हलारचा चिवट धागा तुकडे करणाऱ्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळला जातो आणि पाती लवकर बोथट होतात.

अग्निशामक कोट उसवला की तीन थर हाती येतात. बाहेरचे जाड अ‍ॅरामिडी कापड, मधला पाणी अडवणारा पातळ पडदा आणि आतले उष्णता अडवणारे अस्तर. शिवाय पितळी हूक, चेन, वेल्क्रो आणि बारीक काचमण्यांच्या परावर्तक पट्ट्या. हे सारे हातानेच काढावे लागते. मधला पडदा बहुधा टेफ्लॉनच्या जातीचा असतो. तो उघड्यावर जाळल्यास हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात. म्हणून हा थर वेगळा काढण्यात कुचराई चालत नाही.

स्वच्छ अ‍ॅरामिड चिंध्या दोन वाटांनी जातात. एकीत त्या काटेरी रुळांखाली पिंजून तंतू मोकळे करतात. पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून सूत कातायचे तर त्यात नवे तंतू मिसळावे लागतात. एरवी त्यांचा नमदा करून उष्णतारोधक अस्तरासाठी वापरतात. दुसऱ्या वाटेने तंतू कापून, दळून लगदा करतात. नेदरलँड्समधील तेजिन अ‍ॅरामिड ही कंपनी वापरलेल्या मालापासून असा लगदा बनवते. तो वाहनांच्या ब्रेक-अस्तरांत आणि गॅस्केटांत जातो. या दोन्ही ठिकाणी पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत. जुन्या भट्ट्यांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे हातमोजे आणि अ‍ॅप्रन कुठे सापडलेच, तर ते मुळीच पिंजू नयेत. त्यांचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात.

साध्या सुती-पॉलिएस्टर बॉयलर सुटांना तुलनेने सोपी आणि जुनी वाट आहे, चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याची. यॉर्कशरमधील बॅटली येथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ यांनी लोकरी चिंध्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा धंदा सुरू केला. आज त्या धंद्याचे मोठे केंद्र हरियाणातील पानिपत आहे. तिथे चिंध्या रंगांनुसार निवडतात, त्यामुळे सुताला नव्याने रंग द्यावा लागत नाही. सुतापासून प्रामुख्याने ब्लँकेटे विणतात.

खरा प्रश्न कपड्यात मुरलेल्या घाणीचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाचा समावेश निश्चित कर्करोगकारकांच्या गटात केला. काजळीतली जी द्रव्ये जवानाच्या कोटाला चिकटतात, तीच पुढे निवडकाम करणाऱ्या बायकांच्या हाताला आणि श्वासाला लागतात. म्हणून आधी धुलाई, मग निवड हा क्रम सोडू नये, आणि निवडणाऱ्यांनाही हातमोजे व मुखपट्टी मिळालीच पाहिजे. तेल-रसायनांनी माखलेल्या चिंध्या भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामायिक केंद्रे आहेत.

अ‍ॅरामिड चिंध्यांना एक तिसरी वाटही आहे : त्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळतात आणि त्या द्रावणातून पुन्हा लांब तंतू ओढता येतो. पण त्यासाठी कच्चा माल शुद्ध, एकाच जातीचा हवा. युरोपात पोशाख भाड्याने देणाऱ्या धुलाई कंपन्या कपड्यात चिप किंवा बारकोड शिवतात, त्यावरून कापडाची जात आणि धुण्यांची संख्या कळते. आपल्याकडे छाननीला येईपर्यंत बहुधा लेबल पुसलेले असते. मग धागा जाळून ओळख पटवतात : पॉलिएस्टर वितळून त्याची गोळी होते, सुताला जळक्या कागदाचा वास येतो, अ‍ॅरामिड ज्योत काढताच विझते. मात्र अग्निरोधक प्रक्रिया केलेले सूतही ज्योत काढताच विझते, त्यामुळे केवळ या परीक्षेवर ढीग वेगळे करणे पुरेसे नाही.