आकाशदिव्याचे कूळ

दिवाळीला घर का सजवायचे, असे वर्गात विचारले तर मुले एका सुरात सांगतात, "आनंद होतो म्हणून!" उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. मन आनंदात असते म्हणून घर सजते, की घर सजते म्हणून मन आनंदाकडे वळते? सुखात असलेला माणूस भिंती रंगवतो हे खरे. परंतु या सणाच्या सजावटीचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा मला निराळीच गोष्ट आढळली. तिचा मोठा भाग सुखी माणसांनी स्वतःच्या सुखासाठी निर्माण केलेला नाही. तो अंधारात असलेल्यांसाठी आहे.

दिवाळीच्या इतिहासाचे धागेदोरे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी मोठ्या चिकाटीने गोळा केले. जुन्या उल्लेखांत सोमदेवसूरीच्या 'यशस्तिलकचंपू'चा मान मोठा. इ. स. ९५९ मधला हा ग्रंथ. घरे चुन्याने उजळलेली, वर पताका, रात्री दिव्यांच्या ओळी, असे दीपोत्सवाचे वर्णन त्यात आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची गृहिणी आजच्याइतकीच धांदलीत असणार! पुढे इ. स. १०३०च्या सुमारास अल्बेरूनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. लोक स्नान करतात, चांगले कपडे घालतात, एकमेकांना पानसुपारी देतात, रात्री जागोजाग असंख्य दिवे लावतात, हे त्याने टिपले. आणि कारणही नोंदले. पाताळात कोंडलेल्या बळीराजाला लक्ष्मी वर्षातून एकदा मोकळे करते, म्हणून हा उत्सव! परक्या मुलखातून आलेल्या त्या पंडिताला नेमके वर्म सापडले, असे मला वाटते. एका कैद्याला एक दिवसाची मोकळीक मिळते, त्यासाठी सारे गाव उजळते.

आता एकेक दिवा हाती घेऊन पाहा. धनत्रयोदशीला दाराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेला दिवा यमाचा. अमावास्येच्या संध्याकाळी हातात चूड घेऊन ती पितरांना दाखवण्याचा विधी कमलाकरभट्टांच्या १६१२ सालच्या 'निर्णयसिंधू'त आहे. भाद्रपदात आलेले पितर परतताना त्यांना वाट दिसावी, ही त्यामागची कल्पना. आणि कार्तिक महिनाभर उंचावर लावायचा आकाशदिवा, तोही देवांबरोबर पितरांच्याच नावे. काशीच्या घाटांवर आजही कार्तिकात उंच वेळूंच्या टोकांना टोपल्या चढवून त्यांत दिवे लावतात. आपल्या दारातला कंदील नव्या कपड्यांतला असला, तरी त्याने कुळाचे नाव सोडलेले नाही. 'कंदील' हा शब्द अरबीतून आला, पण त्याच्या मागे 'आकाश' आपण कायम ठेवले. कामट्या बांधून, खळ लावून, पतंगाचा कागद चिकटवून मुले ज्या वस्तूसाठी रात्री जागतात, ती मुळात गेलेल्या माणसांसाठी उंच धरलेली दिवटी आहे.

रांगोळीची हकीकत थोडी वेगळी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या प्रकारांत धूलिचित्राची गणना आहे. राजाच्या ग्रंथात बसलेली ही कला शेणाने सारवलेल्या अंगणातही तितक्याच दिमाखाने बसली. शिरगोळ्याची पूड नसली, तर कोकणात भाताचे तूस जाळून त्याची पांढरी राख घेत. पैका लागत नसल्यामुळे गरिबी कधी आड आली नाही. आड आली ती रूढी.

माझी आजी ऐन तारुण्यात विधवा झाली. वसुबारसेच्या आधी रांगोळी चाळून डब्यात भरण्याचे काम तिचे; उंबऱ्यापुढे ती काढण्याचे काम मात्र सुनांचे. आजीचा हात घरात सर्वांत चांगला, हे सगळ्यांना ठाऊक होते. दुपारी घर निजले की ती परसात धुण्याच्या दगडाजवळ बसून तळहाताएवढे कमळ काढी, आणि कोणी यायच्या आत पुसून टाकी. मनाला उभारी यावी म्हणून ज्या बाईला सणाची सर्वांत अधिक गरज, तिच्याच चिमटीतून रांगोळी काढून घेतलेली! यमाला दिवा चालतो, पितरांना चालतो, पाताळातल्या बळीला चालतो. घरातल्या दुःखी बाईला मात्र तो चालत नाही. सणाचा अर्थ आपण किती विसरलो होतो, याला दुसरा पुरावा कशाला हवा?

सजावट आपल्या हाताची असावी लागते, हेही इतिहास शिकवतो. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात फैलावला, तेव्हा गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. माणसे बाहेर काढली गेली, सामान रस्त्यावर आले, जमिनी उकरल्या गेल्या, आणि भिंतींना चुना लावला गेला. त्याबद्दलचा रोष २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारापर्यंत गेला, हे सर्वश्रुत आहे. चुना तोच, भिंतही तीच. पण घरच्या माणसांनी हौसेने लावला की घर उजळते. परक्याने हुकुमाने फासला की तेच घर परके होते. घर सजवणे म्हणजे, संकट येऊन गेले तरी हे घर आमचे आहे, असे आपल्या हाताने पुन्हा लिहून ठेवणे.

करोनाच्या साथीत शाळा कधी बंद, कधी उघडी, असे दीड वर्ष गेले. २०२१च्या ऑक्टोबरात मुले पुन्हा वर्गात आली. कंदील करण्याच्या तासाला एक मुलगा टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आमच्याकडे यंदा सण नाही. मी कंदील केला तर चालेल का?" एप्रिलमधल्या लाटेत त्याचे वडील गेले होते. शास्त्राचा निर्णय देण्याचा अधिकार माझा नव्हे. मी एवढेच सांगितले, की आकाशदिवा मुळात गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून लावीत. घरी आजीला विचारून पाहा. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून पांढरा कागद मागून नेला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याच्या गल्लीतून गेलो. दारी रांगोळी नव्हती, तोरण नव्हते. ओटीवर एक पांढरा कंदील तेवढा जळत होता. आजीने परवानगी दिली होती. अट एकच, झिरमिळ्या लावायच्या नाहीत. मुलगा पायरीवर बसून त्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता असे मी म्हणणार नाही. पण तो बाहेर येऊन बसला होता, आणि शेजारची दोन मुले त्याच्याशी बोलत होती.

दुखवट्याच्या घरी फराळाचे ताट नेण्याची आपली रीत फार चांगली आहे. त्या ताटाबरोबर एक पणतीही न्यावी, आणि त्या घरच्या बाईच्या हाती रांगोळीचा डबा देऊन चार ठिपके काढायला सांगावे. ती 'नको' म्हणाली, तर डबा तिथेच ठेवून यावे.