नीरफणस आणि क्रोटन : पोटासाठी एक, डोळ्यांसाठी एक



वसाहतकाळात वनस्पती एका खंडातून दुसऱ्या खंडात नेल्या गेल्या, हे आपण सहसा चहा, रबर आणि सिंकोना यांच्या उदाहरणांवरून शिकतो. या पाठात तोच इतिहास दोन वेगळ्या झाडांच्या आधारे पाहू. पहिले नीरफणस. कोकण-गोव्यात याची कापे रवा लावून तळतात. मंगळूरकडे याला जीगुज्जे म्हणतात, तर केरळात कडचक्क किंवा शीमचक्क. दुसरे क्रोटन. रंगीबेरंगी पानांची ही झुडपे बहुधा तुमच्या महाविद्यालयाच्या आवारातही असतील.

एक अन्न देते, दुसरे शोभा देते. मग यांची तुलना कशासाठी? कारण दोन्ही जवळपास एकाच टापूतून निघाली, पण त्यांना हलवणाऱ्यांचे हेतू वेगळे होते. पाठभर हा प्रश्न डोक्यात ठेवा : 'उपयोगी' आणि 'शोभेचे' ही विभागणी झाडात असते, की ती ठरवणाऱ्या माणसांत?

१. मूळ प्रदेश आणि नावे

नीरफणस म्हणजे आर्टोकार्पस अल्टिलिस. आपल्या फणसाच्या वंशातलेच हे झाड. त्याचा रानटी पूर्वज न्यू गिनीच्या परिसरात आढळतो. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून पॅसिफिकमधल्या दर्यावर्दी लोकांनी ते होड्यांतून बेटाबेटांवर नेले. चांगली फळे देणारी झाडे निवडत गेल्याने अनेक बेटांवर बिनबियांच्या जाती रूढ झाल्या.

बागेतले क्रोटन म्हणजे कोडिअम व्हेरिगेटम. पूर्व इंडोनेशिया, न्यू गिनी आणि पश्चिम पॅसिफिकची बेटे हे त्याचे घर. 'कोडिअम' हे नाव तेर्नाते बेटावरच्या स्थानिक नावावरून आले. अंबोन बेटावर राहिलेल्या रुम्फियस या निसर्गअभ्यासकाने सतराव्या शतकात त्याचे वर्णन केले. पुढे १७५३ साली लिनियसने हे झुडूप क्रोटन या वंशात घातले. नंतर ते तिथून वेगळे काढले गेले, तरी बागेतले नाव तेच राहिले. खरा क्रोटन हवा असेल तर जमालगोटा पाहा.

२. जिवंत रोप नेण्याचा प्रश्न

बिनबियांचा नीरफणस बियांच्या पुडीतून पाठवता येत नाही. मुळांना फुटणारे फुटवे काढून रोपे करावी लागतात. क्रोटनला बी धरते, पण त्यातून आईसारखीच पाने येतील याची खात्री नसते. म्हणून तेही छाट कलम किंवा गुटी कलम करूनच वाढवतात. म्हणजे दोन्हींच्या बाबतीत जिवंत रोपच समुद्रापार न्यावे लागत होते. खारे वारे, उन्हाची तिरीप आणि जहाजावरचे मोजके गोडे पाणी या तीन अडचणींशी गाठ होती. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग रचनेचा प्रश्न म्हणून वाचावा.

३. नीरफणस : सरकारी मोहीम

१७६९ मध्ये कुकच्या जहाजावरून ताहितीला गेलेल्या जोसेफ बँक्सने नीरफणस जवळून पाहिला. कमी मेहनतीत वर्षानुवर्षे अन्न देणारे झाड, अशी त्याची ख्याती झाली. पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांना उत्तर अमेरिकेतून मिळणारे धान्य अडले. त्यात वादळांची भर पडली. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी सुमारे १५,००० गुलाम मेले, असा अंदाज जमैकाच्या विधिमंडळाच्या समितीने मांडला. ऊसमळ्यांच्या मालकांना यावर स्वस्त उपाय हवा होता. उसाखालची जमीन न घटवता मजुरांचे पोट भरणारे झाड त्यांना हवे होते.

डिसेंबर १७८७ मध्ये विल्यम ब्लायचे 'बाउंटी' जहाज निघाले. कप्तानाचे मोठे दालन रोपांसाठी राखले होते. तळाला शिशाचा पत्रा, कुंड्या बसवायला भोके पाडलेल्या फळ्या आणि झिरपलेले पाणी पुन्हा वापरता यावे म्हणून नळ्या, अशी ती रचना होती. ताहितीत हजारावर रोपे चढवली गेली. २८ एप्रिल १७८९ रोजी बंड झाले, बंडखोरांनी रोपे समुद्रात फेकली आणि ब्लायला उघड्या होडीत सोडले. १७९१ मध्ये तो 'प्रॉव्हिडन्स' घेऊन पुन्हा निघाला आणि १७९३ च्या सुरुवातीला सेंट व्हिन्सेंट आणि जमैका येथे रोपे उतरवली.

मोहीम यशस्वी झाली, पण ज्यांच्यासाठी हे अन्न आणले त्यांनी ते नाकारले. गुलामांना आपल्या वाट्याच्या तुकड्यांत पिकवलेले सुरण-कोनफळांसारखे कंद आणि केळी अधिक आवडत. नवे फळ बरेचदा डुकरांपुढे गेले. चव लागायला कित्येक वर्षे गेली. गुलामगिरी १८३४ ते १८३८ दरम्यान संपली. मुक्त झालेल्या कुटुंबांच्या परसात हे झाड हळूहळू स्वतःच्या मालकीचे अन्न बनले. आज भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी हा सेंट व्हिन्सेंटचा राष्ट्रीय पदार्थ आहे.

याच काळात आपल्याकडेही असाच विचार चालू होता. 'बाउंटी' निघाले त्याच १७८७ साली कोलकात्याजवळ शिबपूरची वनस्पती बाग स्थापन झाली. १७७० चा बंगालचा दुष्काळ आठवणीत असलेल्या रॉबर्ट किडने मांडलेला हेतू असा होता : बाग दुर्मीळ आणि शोभेच्या झाडांसाठी नसावी, लोकांना आणि कंपनीच्या व्यापाराला उपयोगी पडणाऱ्या झाडांसाठी असावी.

४. क्रोटन : बाजाराची मोहीम

क्रोटनसाठी कोणत्याही सरकारने खास जहाज पाठवले नाही. त्याला मदत केली ती काचेच्या पेटीने. लंडनचा डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याला १८२९ च्या सुमारास दिसले, की बंद बाटलीत ओल्या मातीवर नेचा आणि गवत आपोआप वाढते. पानांतून निघालेली वाफ काचेवर थिजते आणि पुन्हा मातीत उतरते. म्हणजे 'बाउंटी'वर नळ्यांनी जे साधायचे होते, ते इथे बंद पेटी स्वतःच करत होती. १८३३ मध्ये पाठवलेल्या अशा पेट्या सिडनीपर्यंत सुखरूप पोहोचल्या.

१८४५ मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठला आणि सधन घरांत उष्णगृहे वाढली. त्यांत ठेवायला नवनवी झाडे हवी होती. व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेतला जॉन गूल्ड व्हीच १८६० च्या दशकात पॅसिफिक बेटांवर फिरला आणि क्रोटनचे अनेक प्रकार घेऊन आला. पुढे संकर केले गेले. एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाचे पान आले, की ती फांदी छाटून नवी जात केली गेली. बंगल्यांच्या आणि कचेऱ्यांच्या बागांतून हे झुडूप भारतातही रुळले.

मात्र बेटांवर क्रोटन 'नुसते शोभेचे' कधीच नव्हते. मेलानेशियात ते थडग्यांपाशी आणि घरांभोवती लावतात, विधींत आणि नाचाच्या वेशात वापरतात. उष्णगृहात पोहोचलेल्या झाडाबरोबर हा अर्थ आला नाही.

५. उलटा हिशेब

आता दोन्ही प्रवास शेजारी ठेवा. पॅसिफिकमध्ये नीरफणसाच्या शेकडो जाती आहेत. काही लवकर पिकतात, काही उशिरा, म्हणून अन्न वर्षभर पुरते. कॅरिबियनला त्यांतल्या मोजक्याच पोहोचल्या, कारण स्वस्त शिध्याला विविधतेची गरज वाटत नव्हती. उलट क्रोटनचे थोडे प्रकार निघाले आणि बागांत शेकडो झाले, कारण शौकाच्या बाजाराला रोज नवे काही लागते. ज्याच्यावर माणसे जगणार होती ते झाड वाटेत गरीब झाले आणि जे पाहायचे होते ते श्रीमंत झाले.

यातून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. 'उपयोगी' हा शब्द इतिहासात वाचाल तेव्हा लगेच विचारा : कोणाला उपयोगी, आणि ते कोणी ठरवले? १७९३ मध्ये जमैकात नीरफणस मळेमालकाला उपयोगी होता. तो खाणाऱ्यांना उपयोगी ठरला, तो त्यांनी स्वतःच्या परसात लावला तेव्हा.

स्वाध्याय

१. 'बाउंटी'वरील दालन आणि वॉर्डची पेटी यांची पाण्याच्या वापराच्या दृष्टीने तुलना करा.
२. गुलामांनी सुरुवातीला नीरफणस का नाकारला असेल? चवीखेरीज इतर कारणांचा विचार करा.
३. आपल्या आवारातील पाच झाडांची मूळ ठिकाणे शोधा. त्यांच्या स्थानिक नावांत 'विलायती' किंवा 'शीम' यांसारख्या, परकेपणाची आठवण ठेवणाऱ्या खुणा आहेत का, ते पाहा.