मगन चूल, निर्धूर चूल, उज्ज्वला... आणि मागच्या अंगणातल्या पऱ्हाट्या

परवा सकाळी नेरातच एका घरी गेलो होतो. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, खाली लाल सिलिंडर. आणि मागच्या अंगणात पऱ्हाट्यांवर आंघोळीचं पाणी तापत होतं. काकू खोकत खोकत जाळ सारत होत्या. म्हणाल्या, "गॅस चहापुरता आहे, भाऊ."

याला कोणी अडाणीपणा म्हणतं. मला तो हिशेब वाटतो.

जळण कमी आणि धूर कमी अशी चूल शोधण्याचं काम आपल्या शेजारीच सुरू झालं होतं, हे किती जणांना माहीत आहे? १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला लागले. १९४७ च्या सुमारास तिथल्या मगनवाडीतून 'मगन चूल' आली. मातीचीच, पण बंदिस्त. जाळ एका भांड्याखालून दुसऱ्याखाली जायचा आणि धूर नळीतून बाहेर.

पुढे १९८३ मध्ये केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. आपल्याकडची 'निर्धूर चूल' ती हीच. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसल्या म्हणे. पण नळी काजळीने भरली की साफ कोण करणार? तोंड लहान, म्हणून जळण बारीक तोडून घाला. चूल फुटली की बाई परत तीन दगडांवर. २००२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला. मोजणी बसवलेल्या चुलींची झाली, पेटत्या चुलींची नाही.

गॅस मुंबईत १९५५ मध्येच आला होता, बर्मा शेलचा. आपल्यासारख्या गावांत तो पोचायला कित्येक वर्षं गेली, त्यातही नंबर लावून वाट पाहायची. मग १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली. आठ कोटींवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला औरंगाबादेत दिलं, मोठा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी कॅगचा अहवाल आला: उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेतं. म्हणजे पुन्हा तेच. कनेक्शन मोजलं, स्वयंपाक नाही.

शेगडी चांगली आहे, यात वाद नाही. साध्या चुलीत जळणाची दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला लागते. आयएसआय शिक्क्याच्या शेगडीला ६८ टक्के तरी द्यावीच लागते. पण उलंगवाडी झाली की पऱ्हाटी फुकट घरी येते, आणि १४.२ किलोच्या सिलिंडरला रोख पैसे एकदम लागतात. ते कापूस-तूर विकल्यावरच हातात येतात. सबसिडी नंतर खात्यात येते, आधी मोजावे लागतात पूर्णच.

काकूंचं तिसरं सिलिंडर दिवाळीत आलं. चौथं तुरीचे पैसे आल्यावर.

तुमच्याकडे वर्षाला किती लागतात आणि चूल कशासाठी पेटते, खाली लिहा. आपल्या तालुक्याची यादी मी करतोय.